खांब क्रमांक एक्केचाळीस

डांबराच्या वासानं माझं डोकं दुखतं. एवढ्याशा कारणावरून आमच्या कुरणाभोवती पुढं जे घडलं, ते मी ऑफिसात अजून कोणाला सांगितलेलं नाही. तिथं मी जुन्या नोंदी सांभाळतो आणि तिथं माझ्याबद्दल लोकांचं मत बरं आहे. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

आधी कुरणाचं सांगतो. गाई बायकोच्या आणि कुरण तिच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. आमच्या मागच्या दारापासून ते जे सुरू होतं ते उतारानं थेट जंगलाला जाऊन भिडतं. तिथलं गवत वर्षातून एकदा कापायचं, वाळवायचं, त्याची गंजी रचायची आणि तिच्यावर गाईंचा सगळा थंडीचा काळ काढायचा, असा क्रम. तीन वर्षं हा क्रम हरणं बिघडवत होती. संध्याकाळ झाली की जंगलातून कळप वर यायचा आणि सकाळी कुरण न्हाव्याच्या हाताखालून गेल्यासारखं दिसायचं. गेल्या वर्षी गंजी अर्ध्या थंडीतच संपली आणि नऊपैकी दोन गाई विकाव्या लागल्या. गाडीत चढताना त्यातली एक मागं वळून हंबरली, तेव्हा ही, म्हणजे माझी बायको, गोठ्यात गेली आणि तिनं आतून दार लावून घेतलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण हिला रडताना मी ऐकलं ते त्याच दिवशी. यंदा गवत गेलं तर उरलेल्या सातही जाणार आणि गोठा बंद होणार, हे तिनं मला एकदाच सांगितलं. पुन्हा सांगायची गरज नव्हती.

म्हणून कुंपण घालायचं ठरलं. आमच्या शेजारी एक वनरक्षक राहतात. नोकरीतून निवृत्त झाले, पण खाकी स्वेटर अजून अंगावर आहे. त्यांनी उंची सांगितली, आठ फूट. त्याहून कमी असेल तर हरीण उभ्या जागेवरून उडी मारून आत येतं. जाळी बसवणारा तारवाला म्हणाला, उंचीचं ठीक आहे, पण जाळी खाली जमिनीला टेकली पाहिजे, कारण हरणाला उडीपेक्षा खालून सरपटत घुसणंच जास्त आवडतं. दोघांचंही मी लिहून घेतलं. राहिले लाकडी खांब. हिचं म्हणणं होतं, डांबर लावलेले तयार खांब आणावेत. मी म्हणालो, "खांबांचं मी बघतो."

(माझ्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी "मी बघतो" या दोन शब्दांनी सुरू झाल्या आहेत. लग्नसुद्धा.)

त्याचं असं झालं, की ऑफिसच्या जुन्या कपाटात मला एक माहितीपुस्तिका सापडली होती. लाकडी खांब साल काढून चार दिवस मिठाच्या दाट पाण्यात भिजवावेत, सावलीत वाळवावेत, म्हणजे वाळवी लागत नाही, असं तिच्यात लिहिलेलं होतं. पुस्तिका छापील होती आणि वर गोल शिक्का होता. छापील मजकूर आणि शिक्का एकत्र दिसले की मी मान तुकवतो, हा माझा स्वभाव आहे. नोकरीत तो उपयोगी पडतो. डांबराचं नाव नाही, वास नाही, डोकेदुखी नाही. गोठ्यात जाड्या मिठाची पोती होतीच. ही त्या महिन्यात बहिणीच्या बाळंतपणासाठी गेली होती आणि सासऱ्यांचे गुडघे गोठ्याच्या मागपर्यंत चालत नाहीत. मी जुना कॅनव्हासचा कोट चढवला, पाण्याच्या लांब हौदात पोती रिकामी केली आणि एकशे अठ्ठेचाळीस खांब तुकड्या-तुकड्यांनी बुडवले. शेवटी शेवटी तो कोट वाळून पुठ्ठ्यासारखा कडक झाला, काढला तरी उभाच राहायचा. पोती मी नवी आणून ठेवली आणि कोणाला काही बोललो नाही. पाच वर्षांनी खांब जसेच्या तसे पाहून ही आश्चर्यानं विचारेल, तेव्हा हळूच सांगायचं, असा माझा बेत होता.

कुंपण उभं राहिलं आणि खरं सांगतो, देखणं झालं. मी प्रत्येक खांबावर पांढऱ्या रंगानं क्रमांक टाकला आणि एक रजिस्टर उघडलं. खांब क्रमांक, तारीख, स्थिती, शेरा. रजा शिल्लक होती, ती वाढवून घेतली. रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी सबंध कुंपणाला फेरी मारायची आणि नोंद करायची. पहिल्या दोन दिवसांच्या शेऱ्यात "ठीक" याशिवाय शब्द नाही. आत गवत गुडघ्याच्या वर गेलं. ही मागच्या दारात उभी राहून वाऱ्यानं हलणारं गवत बघत बसायची, आणि तिसऱ्या संध्याकाळी ती चक्क गुणगुणली. मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी आपण एक काम धड केलं.

चौथ्या दिवशी पहाटे धुकं होतं. दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. मी क्रमाक्रमानं निघालो आणि जंगलाच्या बाजूला खांब क्रमांक एक्केचाळीसला हात लावला तर हात ओला झाला.

दव असेल म्हणून पुढं गेलो. बेचाळीस कोरडा. त्रेचाळीस कोरडा. परत आलो. एक्केचाळीस फक्त बाहेरच्या अंगानं ओला होता, आणि तोही माझ्या छातीपर्यंतच. त्याच्यावर कोरडा. दव असं मोजून-मापून पडत नाही. त्या ओल्या भागावर मी हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, कारण तो भाग कोमट होता.

रजिस्टरमध्ये मी "ओला" असं लिहिलं. कोमट असल्याचं लिहिलं नाही. सरकारी नोंदीत अशा गोष्टी लिहायच्या नसतात.

पाचव्या दिवशी सहा खांब ओले. सहाव्या दिवशी एकोणीस. सगळे जंगलाच्या बाजूचे, सगळे बाहेरून, सगळे छातीपर्यंत. आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. धुक्यातून, कुठून ते कळत नव्हतं, कोणीतरी लाकडाला पॉलिश पेपर घासत असल्यासारखा आवाज येत होता. खर्र. मग थोडं थांबून पुन्हा खर्र. मी एक पाऊल टाकलं की थांबायचा. मी थांबलो की थोड्या वेळानं पुन्हा सुरू. जाळीच्या तारा कंप पावत होत्या, बोट लावलं तर बोटाला मुंग्या येत होत्या. वारा अजिबात नव्हता.

घरी येऊन मी हिला म्हणालो, कुंपणाला कोणीतरी काहीतरी करतंय. ती धारा काढत होती. मान न वळवता तिनं विचारलं, "गवत जागेवर आहे?"

"आहे."

"आत कोणी आलंय?"

"नाही."

"मग करू दे काय करायचं ते," ती म्हणाली आणि दुसऱ्या गाईकडे वळली.

तिचं म्हणणं बरोबर होतं. मला फक्त त्याचा काही उपयोग होत नव्हता. त्या संध्याकाळी मी फेरीला निघालो तेव्हा धुकं नव्हतं, उजेड होता, आणि कुंपणापलीकडे ती उभी होती. अकरा हरणं. एका रांगेत, एकमेकांपासून साधारण एकेका खांबाच्या अंतरावर, तोंडं माझ्याकडे करून. चरत नव्हती. कान हलत नव्हते. मी टाळी वाजवली. हरणासारखा भित्रा प्राणी नाही म्हणतात. माझ्या टाळीनं कुरणाच्या दुसऱ्या टोकाचे पक्षी उडाले, सासऱ्यांनी घरातून "काय झालं" म्हणून विचारलं, आणि अकरापैकी एकानंही पापणी हलवली नाही.

मी उजवीकडे चाललो. अकराही माना उजवीकडे वळल्या. मी डावीकडे चाललो. माना डावीकडे. मग पुढची मादी हळूच चालू लागली आणि बाकीची तिच्यामागं, माझ्याबरोबर, पावलाला पाऊल लावून, जाळीच्या पलीकडून. मी थांबलो, ती थांबली. मला धावावंसं वाटलं, पण ती पण धावली तर काय, असा विचार मनात आला आणि मी अतिशय सावकाश, पाठ न दाखवता, उलटा चालत घरी आलो. (वाटेत गोठ्याच्या चरात पडलो. ते सोडा.)

दुसऱ्या दिवशी वनरक्षकांना विचारलं. ते ओट्यावर बूट पुसत बसले होते. मी सगळं सांगितलं, आणि मला वाटलं होतं तसे ते हसले नाहीत. हातातलं फडकं त्यांनी खाली ठेवलं.

"हरीण कुंपणाजवळ उभं राहत नाही," ते म्हणाले. "अडलं की ते दुसरी वाट शोधतं. तीस वर्षांत मी एकाही हरणाला माणसाकडे बघत उभं राहिलेलं पाहिलं नाही."

"मग ही का उभी राहतात?"

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्ही काही केलंय का त्यांचं?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो. पण घरी येईपर्यंत मला आठवत राहिलं, की त्यांची तीन वर्षांची चरण्याची जागा मी आठ फुटी जाळीनं बंद केली होती, आणि वर त्याची रीतसर नोंदही ठेवली होती. गुन्हेगार स्वतःच्या अक्षरात पुरावा लिहून ठेवतो तो असा.

त्यानंतरचे दिवस मी फारसे कोणाला सांगत नाही. मागच्या खिडकीचा पडदा मी दिवसाही ओढून घेऊ लागलो. जेवताना भिंतीकडे पाठ करून बसू लागलो. मला भीती वाटत होती, साधी, सरळ भीती. हिच्याबरोबर बोलताना मी ती लपवत होतो, कारण सात गाईंचं काय होणार या काळजीत असलेल्या बाईला नवऱ्याची काळजी वाढवून देऊ नये, एवढं मला कळतं. हिनं मात्र ओळखलं होतं. एकदा चहाचा कप हातात देताना ती म्हणाली, की कुंपणाला भूत लागलं असेल तरी चालेल, ते फक्त गवत न खाणारं असावं. मला बरं वाटावं म्हणून ती असं बोलली. मला बरं वाटलं नाही.

कारण आता हरणं मलाच शोधत होती. ही कुंपणाजवळ गेली तर हरणं दोन पावलं मागं सरायची, जशी सरायला हवीत तशी. तारवाला एकदा सैल झालेली जाळी ताणायला आला, त्याला पाहून तर सगळी जंगलात पळाली. मी दिसलो की पुढं यायची. अकराची सतरा झाली, सतराची तेवीस. पुढची ती मादी जाळीला नाक लावून माझ्या छातीकडे, बाह्यांकडे बघत राहायची. चेहऱ्याकडे नाही. पहाटे थंडी असायची म्हणून तोच कॅनव्हासचा कोट अंगात असायचा, आणि त्या नजरेखाली मी तो घट्ट ओढून घ्यायचो.

आणि खांब बारीक होत होते.

हे मी रागाच्या किंवा भीतीच्या भरात म्हणत नाही. मी टेप लावून मोजलं होतं. एक्केचाळीसचा घेर पहिल्या दिवशी साडेबारा इंच होता, तो अकरा झाला. चाळीस आणि बेचाळीस त्याच वाटेवर. लाकूड पांढरं, गुळगुळीत, वर दातांच्या असाव्यात तशा बारीक खुणा. जाळी अडकवायचे वाकडे खिळे सैल होऊन गवतात पडू लागले. मी रजिस्टर हिच्यापुढं ठेवलं. तिनं आकडे दोनदा वाचले आणि म्हणाली, की लाकूड सुकलं की आकसतं. तिच्या आवाजात मात्र पहिल्यासारखी खात्री नव्हती. गवत कापायला अजून चार दिवस अवकाश होता. चार दिवस कुंपण टिकलं पाहिजे होतं, एवढंच.

ते टिकलं नाही. पुढच्याच पहाटे पुन्हा धुकं दाटलं. मी मागचं दार उघडलं तर तो खर्र, खर्र आवाज दारातूनच ऐकू आला, आणि या वेळी मी पाऊल टाकलं तरी थांबला नाही. उतरत गेलो. पस्तीस होता. छत्तीस, सदतीस होते. अडतीसच्या जागी काहीच नव्हतं. अडतीस ते चव्वेचाळीस सगळे खांब जाळीसकट बाहेरच्या बाजूला आडवे पडले होते, आणि माझ्या दोन्ही बाजूंना, कुरणाच्या आत, धुक्यात करड्या आकृत्या हलत होत्या. पायाखाली खोलीएवढा पट्टा चरून साफ झाला होता.

त्या पट्ट्याकडे पाहून मला हिच्या गोठ्याचं बंद दार आठवलं आणि भीती क्षणभर विसरून मी पुढं धावलो. हाकलायचं ठरवलं होतं. ओरडलोही असेन. आकृत्या पळाल्या नाहीत. त्या वळल्या आणि माझ्याकडे आल्या. समोरून, उजवीकडून, डावीकडून, अजिबात घाई न करता. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी मागं सरकून सदतीसला पाठ लावून उभा राहिलो, डोळे मिटले, आणि तेव्हा माझ्या मानेवर, कॉलरच्या जरा वर, काहीतरी गरम, ओलं आणि खरखरीत टेकलं आणि सावकाश कानापर्यंत सरकत गेलं.

मी मेलो असं मला वाटलं. मेल्यावर कोणीतरी आपला कान चाटतं, ही माहिती मला कुठल्याच पुस्तिकेत मिळाली नव्हती.

डोळे उघडले ते हिच्या हाकेनं. धुक्यातून ती बादली वाजवत धावत येत होती, मागं गुडघे विसरून काठी टेकत सासरे. हरणं उड्या मारत पळाली. पुढची मादी तेवढी माझी बाही दातात धरून जरा वेळ मागं राहिली, मग तीही गेली. ही माझ्यापाशी आली, माझ्या ओल्या मानेकडे पाहिलं, पडलेल्या खांबाकडे पाहिलं. मग खाली बसून तिनं खांबाला नख लावलं, वास घेतला, आणि मला काही कळायच्या आत जीभ टेकवून पाहिली.

उठून उभी राहायला तिला बराच वेळ लागला.

"गोठ्यातलं मीठ?" तिनं विचारलं.

"पुस्तिकेत होतं," मी म्हणालो. "वर गोल शिक्का होता."

सासरे आयुष्यात फार कमी बोलतात. त्यांनी माझ्या कोटाची बाही हातात घेतली, बोटानं खरवडली, बोट चाखलं आणि म्हणाले, "जनावर मिठासाठी दहा मैल चालत येतं." आणि घराकडे वळले. मला त्यांच्याकडून शिव्या चालल्या असत्या. तेवढ्यात वनरक्षकही कुंपणापर्यंत पोहोचले होते. तीस वर्षं जंगलात काढली, पण साऱ्या जंगलाला चाटायला बोलावणारं कुंपण पहिल्यांदाच पाहतोय, असं म्हणून ते पडलेल्या खांबावर बसून डोळे पुसेपर्यंत हसले.

ही हसली नाही. ती चरलेल्या पट्ट्याभोवती पावलं टाकत फिरली, उरलेल्या गवतावरून हात फिरवला, आकाशाकडे पाहिलं. मी तिच्यामागं चालत माफी मागत होतो आणि मला मनापासून वाईट वाटत होतं. एकशे अठ्ठेचाळीस खांब तीन दिवसांत बदलता येणार नव्हते. जे कुंपण हरणांना लांब ठेवायला घातलं, तेच त्यांना रोज घेऊन येत होतं, आणि ते माझं काम होतं. सात गाई गोठ्यात शांत रवंथ करत उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"उद्यापासून कापायला घेऊ," ती शेवटी म्हणाली. "दोन दिवस आधी. थोडं कोवळं आहे, पण चालेल. तीन दिवसांचं काम आहे. तीन दिवस हरणं इकडे यायला नकोत, बस."

मी लगेच कामाला लागतो म्हणालो. गवत कापायच्या यंत्राच्या पात्यांबद्दल मी अलीकडेच काहीतरी छापील वाचलं होतं, त्यांना आधी एक विशिष्ट लेप लावला की ती जास्त चालतात, तो मी संध्याकाळपर्यंत तयार करतो, असं सांगितलं. हिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, की माझ्यासाठी याहून महत्त्वाचं काम आहे. हरणं माझ्याच मागं येतात, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा तीन दिवस मी तो कोट घालून जंगलातून वाहणाऱ्या ओढ्याच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला जाऊन बसायचं. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. हरणं माझ्याभोवती राहतील आणि इकडे गवत कापून होईल.

"मी एकटा?" मी विचारलं.

"तुमच्याशिवाय कोणाला जमणार आहे?" ती म्हणाली.

एकोणीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं होतं. मी गेलो.

त्या तीन दिवसांबद्दल खरं ते सांगतो. मी घडीच्या खुर्चीवर, एका जुन्या झाडाला पाठ लावून बसलो होतो. समोर जंगल. झाडं इतकी दाट की दुपारीही आत करडा उजेड. एक हरीण दिसलं नाही. पाला मात्र वाजायचा. मागं काडी मोडायची. मी वळलो की काही नाही. पाठीवर नजर जाणवायची, ती सरकून मानेवर यायची, आणि परवाच्या त्या खरखरीत स्पर्शाच्या जागी पुन्हा मुंग्या यायच्या. ती दिसत नाहीत म्हणजे अगदी जवळ असणार, असा मी तर्क केला. पहिल्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडलाच नाही, झाकणाच्या आवाजानं ती सगळी एकदम पुढं येतील म्हणून. दुसऱ्या दिवशी धुकं उतरलं आणि माझ्याच बुटांपलीकडचं दिसेनासं झालं, तेव्हा पळून जावंसं वाटलं. लांबून यंत्राचा आवाज येत होता. ही तिकडे गवत कापते आहे, सात गाई आहेत, असं मनात म्हणत मी खुर्चीचे दांडे धरून बसून राहिलो. मला स्वतःचा अभिमान वाटला हेही सांगून टाकतो. रोज रात्री घरी आलो की मी विचारायचो, आज किती हरणं आली. ही म्हणायची, एकही नाही, छान काम करताय, आणि माझ्या ताटात जरा जास्तच वाढायची.

तिसऱ्या दिवशी ऊन मावळायच्या सुमाराला यंत्राचा आवाज थांबला. मी खुर्ची बगलेत मारून वर आलो. कुरण भुंडं झालं होतं आणि गवताच्या रांगा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळत पडल्या होत्या. पाऊस नव्हता, वारा कोरडा होता. ही कंबरेवर हात ठेवून रांगा मोजत उभी होती. सातही राहतील, ती म्हणाली, आणि रांगा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. गेल्या वर्षीच्या त्या बंद दारानंतर मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला.

मग मी तिला सांगितलं, की तीन दिवस हरणं सगळी माझ्याभोवती होती. मला एकदाही दिसली नाहीत, पण मी त्यांना जागचं हलू दिलं नाही.

हिनं सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं.

"अहो, हरणं ओढ्याच्या पलीकडे होती," ती म्हणाली. "गोठ्यात मिठाच्या चाटायच्या विटा असतात ना, गाईंच्या, त्यातल्या दोन मी पहिल्याच दिवशी वनरक्षकांबरोबर तिकडे पाठवल्या. तेव्हापासून सगळा कळप तिथंच आहे."

मी खुर्ची खाली ठेवली. तिच्यावर बसलो. 

"मग मला तीन दिवस तिथं कशाला बसवलंस?"

ती माझ्या कोटाला चिकटलेली पानं एकेक करून काढू लागली.

"हरणांना कुरणापासून लांब ठेवायला दोन विटा पुरल्या," ती म्हणाली. "तुम्हाला लांब ठेवायला जरा जास्त लागलं."